माया सोडली का?

रविवारी दुकानाचं शटर अर्ध्यावर असायचं आणि कापायच्या टेबलावर कात्रीऐवजी ताटं मांडली जायची. एकमेकांच्या कोपरांत कोपर न अडकवता सगळी माणसं बसतील असं घरात तेवढं एकच टेबल होतं. थोरले काका म्हणायचे, "आपल्याकडे सहा दिवस कापडाचा बेत आणि सातव्या दिवशी जेवणाचा." विनोद चाळीस वर्षं जुना, पण काकू दर रविवारी हसायची. एकाच विनोदाला चाळीस वर्षं हसणारं माणूस देव सगळ्यांनाच देतो असं नाही.

त्या रविवारी काकू हसली नाही. तिनं नुसती पांढऱ्या चादरीची सुरकुती सरळ केली आणि टाचणीकडे पाहिलं.

टाचणी म्हणजे काकांची पुतणी. सात वर्षांची असताना ती आत्याच्या मांडीवर बसायला गेली आणि आत्या ओरडली, "अगं, हाडं आहेत का टाचण्या!" तेव्हापासून खरं नाव शाळेच्या दाखल्यातच राहिलं. आई गेल्यावर काकूनं तिला वाढवलं, एकोणिसाव्या वर्षी काकांनी हातात खडू दिला, आणि आता एकोणतीस पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. दहा वर्षं याच टेबलाशी गेली. मशीनवर तिचे बाबा बसत, कापायला काका आणि ती.

आणि आज त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, अस्तराच्या तुकड्यांखाली, खाकी कागदात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. त्यात गडद निळ्या लोकरी कापडाचे कापलेले तुकडे. पाठ, पुढचे भाग, बाह्या. बँडमास्तरांचा कोट. गुरुवारी काकांनी कापला आणि तो कापताना माया सोडायची राहिली.

शिवणीच्या आत जे जादा कापड दडून राहतं त्याला शिंपी माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. पण उद्या अंग भरलं, कापड आटलं, माप चुकलं, की उसवून तेवढं सोडता येतं. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला तो निम्मा शिंपी आणि निम्मा संत असला पाहिजे. देवानंही माणूस बेतताना आत थोडी माया सोडलेली असते, म्हणून तर एवढ्या ओढाताणीत माणसं फाटत नाहीत.

काकांची कापायची तऱ्हा वेगळी होती. इतर शिंपी दोन रेघा मारतात: आतली शिवायची, बाहेरची कापायची. काका एकच मारत. कधी ती रेघ आतली, म्हणजे माया तिच्याबाहेर सोडून कात्री चालवायची. कधी ती बाहेरची, तिच्यावरूनच कापायचं. कुठली आतली आणि कुठली बाहेरची हे फक्त त्यांच्या डोक्यात. "दुसरी रेघ म्हणजे स्वतःवरचा अविश्वास," असं म्हणत. पन्नास वर्षांत रेघ एकदाही फसली नव्हती. गेल्या दोन महिन्यांत तीनदा फसली. हात तसाच होता, नजर तशीच होती. रेघ मारल्यावर ती आतली मारली की बाहेरची हेच त्यांना आठवेनासं झालं होतं.

हे टाचणीला माहीत होतं. कापडं ती लपवत होती. आणि आज आत्या आणि काकांचा मुलगा, दोघं मुद्दाम आले होते. फोनवर सगळ्यांनी नुसतं वय झालं एवढंच म्हटलं होतं आणि ठरलं होतं की जेवण झालं की काकांना सांगायचं: आता कात्री खाली ठेवा. कुणी सांगायचं, तेवढं ठरलं नव्हतं.

"तू सांग," आत्या आल्या आल्या जिन्यात कुजबुजली होती. "तुझं ऐकतो तो."

"मी? मी सगळ्यात धाकटी!"

"म्हणूनच. मोठ्यांनी सांगितलं तर तो अपमान होईल. लहानानं सांगितलं तर काळजी."

आत्याचं हे असंच. तिचं कुठलंही वाक्य टाचणीला विशीत टोमणा वाटायचं. पंचविशीनंतर कधीतरी कळलं की आत्याला काळजी वाटली की तिचा आवाज चढतो आणि राग आला की ती गप्प बसते. आपण सगळी वर्षं उलटं ऐकत होतो.

"अप्पा, भात वाढू?" काकांच्या मुलानं विचारलं. तो दातांचा डॉक्टर. आत्या त्याला दातवाल्या म्हणायची आणि तो दर वेळी कपाळाला आठ्या घालायचा.

"आधी तुझ्या आत्याला वाढ. ती लांबून आलीये." काकांनी आपल्या हातानं पातेलं आत्याकडे सरकवलं. "ताटात बघू नकोस. तू बारीक झालीस. गेल्या खेपेपेक्षा कमरेत दीड इंच."

"टेप न लावता?"

"तुला टेप कशाला? तुझा पहिला फ्रॉक मी शिवलाय. एक बाही वर, एक खाली."

"आठवतोय ना! शाळेत सगळ्या म्हणाल्या, हिचा एक हात लांब आहे." आत्या हसली आणि हसता हसता तिनं टाचणीकडे पाहायचं टाळलं. मोहिमेवर निघालेल्या सैन्याचा सेनापती पहिल्याच घासाला फितूर झाला होता.

टाचणीच्या बाबांनी मान खाली घालून जेवण चालवलं होतं. त्यांची बोलण्याची पद्धतच ती; मशीनचा आवाज असला की त्यांना बरं वाटे. फोनवर तेही "हो, हो, सांगायलाच हवं" म्हणाले होते. आता भाजीत मीठ आहे की नाही याचा अंदाज घेण्यात त्यांनी पाच मिनिटं काढली.

"टाचणी, तू का जेवत नाहीस?" काकांनी विचारलं.

"जेवतेय की."

"घास मोजतेयस." ते सगळ्यांकडे वळले. "ही पहिल्या वर्षी अशीच होती. आठवतं? शाळेतल्या त्या उंच सरांचा कोट. मी रेघ मारून दिली, हिनं बरोबर रेघेवरून कात्री चालवली. आतली रेघ! सगळी माया खाली जमिनीवर. दोन दिवस ही जेवली नाही."

"मग काय केलंत?" दातवाल्यानं विचारलं. त्याला गोष्ट पाठ होती, पण बापाच्या तोंडून जितका वेळ जाईल तितका बरा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"काय करणार? सरांना सांगितलं, माझ्या हातून गेलं. सर म्हणाले, तुमच्या हातून? मग आमच्या पोरांना गणित का चुकतं म्हणून मारायला नको." काका हसले. "नवीन लागलेल्या पोरीचं नाव घेतलं असतं तर गावभर झालं असतं. माझं घेतलं तर विनोद झाला. नाव कुणाचं सांगितलं की कमी दुखेल, एवढंच बघायचं असतं."

टाचणीला त्या दिवसाचा वास आला: गरम इस्त्री, ओलं कापड, काकूनं डोक्यावर ठेवलेला हात. दहा वर्षांत ती या टेबलाशी केवढं शिकली होती! पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला काही बोलायचं नाही. एक विनोद सांगायचा, तो हसला की पोट आपोआप बाहेर येतं, तेवढ्यात माप घ्यायचं. भांडण उपाशी पोटी करायचं नाही. कुणी "काही नाही" म्हणालं तर पुन्हा एकदा विचारायचं, पण तिसऱ्यांदा नाही. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून घाईत टाका घालायचा नाही आणि घाईत शब्द तर मुळीच नाही. यातलं एकही कुणी "हे शिक" म्हणून शिकवलं नव्हतं. कापडाचे बारीक धागे अंगावर चिकटतात तसं ते चिकटत गेलं.

ताटं उचलली. काकू बशा पुसत होती. दातवाल्यानं हात पुसायला फडकं शोधलं, मिळेना, म्हणून त्यानं सवयीनं खालचा खण ओढला.

"अरे, त्यात नाही!" टाचणी म्हणाली. जरा जोरातच.

जोरात म्हणाली म्हणूनच त्यानं गाठोडं बाहेर काढलं. खाकी कागद सुटला आणि निळं कापड पांढऱ्या चादरीवर पसरलं.

 काकांनी चष्मा वर सरकवला.

"हा बँडमास्तरांचा ना? मी गुरुवारी कापला. तू म्हणालीस अस्तर आलं नाही म्हणून थांबलंय." त्यांनी पाठीचा तुकडा हातात घेतला, मुठीत तोलला, काठ अंगठ्यानं चाचपला. काठाशेजारी आत रेघ नव्हती. रेघ काठावरच होती, अर्धी कापली जाऊन खडूची पांढरी भुकटी झालेली. "याची माया कुठाय?"

बाबा उठून मशीनपाशी गेले आणि रिकाम्या मशीनचं चाक उगाच हातानं फिरवू लागले.

टाचणीला वाटलं, आता. आता सांगायचं होतं तेच समोर येऊन पडलंय. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी कापला, काका. तुमची रेघ होती, मी वरून कात्री चालवली. माझ्या हातून गेलं."

काकूनं बशी खाली ठेवली. आत्याच्या डोळ्यांत एकदम सुटका दिसली; बरं झालं, आजचं संकट टळलं.

काकांनी बाहीचा तुकडा उचलून खिडकीशी नेला. उजेडात धरून वळणावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"नाही," ते म्हणाले. "तू नाही कापलास."

"काका, खरंच..."

"तू वळणावर कात्री थांबवतेस. दहा वर्षं सांगतोय, थांबू नकोस, श्वास धरून एका दमात जा. थांबलं की तिथं दात पडतो. या वळणाला दात कुठाय?"

"दात दातवाल्याला शोधायला सांग," आत्या बोलून गेली आणि तिनंच तोंडावर हात ठेवला.

"कात्री माझी आहे," काका म्हणाले. "वळण माझं आहे. बावनकशी वळण आहे. आणि माया नाही." त्यांनी तुकडा चादरीवर ठेवला, अगदी हळू, जखमी पाखरू ठेवावं तसा. "कितवं?"

टाचणीनं चादरीवरचे तुकडे एकावर एक ठेवायला घेतले.

"पोरी, मी विचारतोय. कितवं आहे हे?"

"तिसरं."

"पहिलं?"

"किराणावाल्यांचा शर्ट. मी तसंच कापड आणून पुन्हा कापला. दुसरी त्या उंच नर्सबाईंची पँट. आतून पट्टी जोडली."

"ती राखी पँट?"

"हो."

काका स्टुलावर बसले. किती तरी वेळ चादरीच्या कडेशी चाळा करत राहिले.

"ती पँट इस्त्री होऊन टांगली होती," ते म्हणाले. "मी पायाची घडी बघितली आणि तुला म्हटलं, बघ, हात अजून आहे. आठवतं? तुझ्यादेखत म्हटलं. तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, हो."

"हो म्हणालीस." त्यांचा आवाज चढला नाही, तेच कठीण होतं. "म्हणजे मी दुसऱ्याच्या कामावर माझी पाठ थोपटत होतो आणि तू उभी राहून बघत होतीस. चुकलो त्याचं नाही गं. माणूस चुकतो. पण मला माझ्याच दुकानात खुळा केलंत."

विशीतली टाचणी असती तर रडत जिना चढली असती. पंचविशीतली असती तर म्हणाली असती, मी तुमच्यासाठीच केलं. आता तिला दिसलं की दोन्ही वाक्यं तिच्या स्वतःच्या बचावाची आहेत. ती जागची हलली नाही.

"मला सांगायचं धाडस झालं नाही, काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही. मला भीती वाटली. तुम्ही कात्री ठेवलीत तर या टेबलाशी मी एकटी उरेन."

"टाचणीला एकटीला कशाला बोलता?" काकू म्हणाली. ती सहसा दुकानाच्या गोष्टीत बोलत नसे. "मलाही माहीत होतं."

"तुला?"

"महिन्यात दोनदा चष्मा धान्याच्या डब्यात सापडला. मी काढून उशीपाशी ठेवला. तुम्ही म्हणालात, बघ, जागच्या जागी ठेवतो मी. मी म्हटलं, ठेवता."

मशीनचं चाक थांबलं. बाबांनी पाठमोरंच सांगितलं, "दादा, मलाही कळलं होतं. शिवतो मीच ना. काठ सुईखाली आला की कळतं, आत काही आहे की नाही. मी टाका बारीक घालून भागवत होतो. टाचणीला सांगितलं नाही. म्हटलं, पोरीला कशाला ताप."

"तुम्हाला ठाऊक होतं?" टाचणी वळली. "आणि मी तुमच्यापासून लपवत होते!"

"कमाल आहे," आत्या म्हणाली. "एवढंसं घर, चार माणसं, आणि चौघांनी मिळून एकच गोष्ट लपवली. तीही एकमेकांपासून!"

"चौघांनी कसं?" काका म्हणाले. "तीन."

कुणी मोजलं नव्हतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं, चार," काका म्हणाले. चष्मा काढून हातात घेतला. "रेघ मारल्यावर मी हल्ली मनातल्या मनात म्हणतो, आतली, आतली, आतली. कात्री घेईपर्यंत. मध्ये कुणी हाक मारली की गेलं. मला वाटलं, थकवा असेल."

मग दातवाल्या बोलला. तो इतका वेळ हातात खाकी कागद घेऊन उभा होता. "अप्पा, मंगळवारी माझ्याबरोबर चला. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, याच कामाच्या. नुसतं तपासून घेऊ. आणि मग... माझ्याकडेच राहा ना. तुम्ही आणि आई. काम पुरे झालं आता."

ठरलं होतं ते एवढंच होतं आणि सगळ्यांनी यावर हो म्हणायचं होतं. पण आत्या एकदम ताठ बसली.

"तुझ्याकडे? चौथ्या मजल्यावर? तिथं काय करेल तो? गॅलरीतून खालून जाणाऱ्यांची मापं घेईल?"

"आत्या, कालच फोनवर तूच म्हणालीस की..."

"काल मी त्याला बघितलं नव्हतं! त्याला तपासून आण, दहा वेळा तपासून आण. पण हातातलं काम काढून घेतलंस तर उरलेलंही विसरेल तो. दात काढल्यावर हिरडी आखडते हे तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

दातवाल्याचं शास्त्र त्याच्यावरच उलटलं होतं.

काका उठले. निळे तुकडे एकेक करून घडी घातले, कागदात गुंडाळले. "मंगळवारी येतो तुझ्याबरोबर," ते मुलाला म्हणाले. "बाकीचं नंतर. टाचणी, चल."

"कुठे?"

"ज्याचं कापड आहे त्याच्याकडे."

"दादा, रविवार आहे," बाबा म्हणाले.

"कापड रविवारचंही फसलेलंच असतं."

बँडमास्तर चार गल्ल्या पलीकडे राहत. उन्हं उतरत होती. सायकलच्या दुकानापुढे कुणी चाकाला हवा भरत होतं, दोघी बहिणी एका दोरीवर कपडे वाळत घालता घालता भांडत होत्या. काका नेहमीसारखे पुढे आणि टाचणी अर्धं पाऊल मागे. लहानपणी ती त्यांच्या खिशातली टेप धरून अशीच चालायची. वळणावर काका क्षणभर थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि टाचणीनं काही न म्हणता अर्धं पाऊल पुढे टाकलं. ते तिच्या मागून वळले.

बँडमास्तर बनियनवर बसून तुतारीचं तोंड चमकवत होते. काकांनी कागद उघडला.

"मास्तर, माझ्या हातून गेलं. माया सोडली नाही. याचा तुमच्या अंगाचा कोट होणार नाही."

बँडमास्तरांनी कापडावर हात फिरवला. ते त्यांच्या बायकोनं घेतलेलं होतं, हे टाचणीला माहीत होतं. नऊ वर्षं पेटीत होतं. बाई गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी ते बाहेर काढलं होतं.

"काहीच होणार नाही?" त्यांनी विचारलं.

काकांनी टाचणीकडे पाहिलं. गिऱ्हाइकासमोर त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. उत्तर माहीत असून परीक्षा घ्यायला पाहत, तसं नव्हे. खरोखर विचारत होते.

"बाह्या मोडल्या तर," टाचणी म्हणाली, "त्यांचं कापड दोन्ही कुशींत, काखेखाली, घालता येईल. मग छातीत पुरेल. बिनबाह्यांचं जाकीट होईल. कुशीत जोड दिसेल, मास्तर. लपणार नाही."

बँडमास्तर थोडा वेळ कापडाशीच बोलल्यासारखे पुटपुटले. मग म्हणाले, "वाजवताना हात मोकळेच लागतात. थंडी वाजते ती छातीला." आणि मग काकांकडे बघून, "पण तुमच्या हातून? म्हणजे आता मैफल संपली म्हणायची का?"

"अजून नाही," काका म्हणाले. "आता एक साथीदार मोठ्यानं सूर देणार आहे, एवढंच."

परत येताना काका बोलले. "माया आतून सोडायची असते, टाचणी. कापडात लपलेली बरी. पण माणूस चुकला की त्याच्यापुढे लपवू नकोस. तेवढी एक गोष्ट मी तुला उलटी शिकवली, त्या उंच सरांच्या कोटाच्या वेळी. तुझं नाव झाकलं ते ठीक होतं. पण रेघ आतली आहे हे मी तेव्हा तुला बोललोच नव्हतो, आणि ते नंतरही कबूल केलं नाही. ती चूक निम्मी माझीच होती. दहा वर्षं तू ती पुरती तुझी म्हणून वागवलीस."

टाचणी रस्त्यात थांबली. दहा वर्षं. दर कोट कापताना वळणावर कात्री थांबायची.

"आज सांगताय?"

"आजच आठवलं," काका म्हणाले, आणि दोघंही हसले. हसण्यासारखं होतं आणि नव्हतंही.

सोमवारी सकाळी शटर पूर्ण वर गेलं. ताटांची चादर धुवायला टाकली होती. काकांनी एक करड्या रंगाचं कापड टेबलावर अंथरलं, ग्रंथपालबाईंचा स्कर्ट. बाबा मशीनवर. बाकावर दोन गिऱ्हाइकं आपली पाळी येण्याची वाट बघत, त्यातल्या एकाच्या हातात वर्तमानपत्र.

काकांनी खडूनं रेघ मारली. लांब, एका दमात. कात्री घेतली. उघडली.

आता विचारायचं होतं. चार डोळे आणि एक वर्तमानपत्र यांच्यासमोर. टाचणीला वाटलं, एवढं अवघड काम आपण आयुष्यात केलं नाही.

"काका, माया सोडली का?"

बाबांचं मशीन थांबलं. वर्तमानपत्र एक बोटभर खाली आलं.

काकांनी रेघेकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आतली, बाहेरची, असे काहीसे. आणि मग थांबले. पन्नास वर्षांत या दुकानात त्यांच्या तोंडून कुणी न ऐकलेलं वाक्य त्यांनी नेहमीच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"माहीत नाही, बाई. तू बघ."

टाचणीनं गळ्यातली टेप काढली, मापाची वही उघडली, रेघेपासून रेघेपर्यंत धरलं. पुन्हा धरलं. घाई केली नाही.

"सोडलीये, काका. रेघ बाहेरची आहे. सगळीकडे एक इंच."

"मग कापतो," काका म्हणाले, आणि श्वास धरून एका दमात वळणावरून गेले.